वेणीचा वेळ

सरकारी योजनेतली मदतनीस रोज सकाळी यायची. अर्धांगवायू झालेल्या आजींना अंघोळ घालायची, वेणी घालून द्यायची आणि पुढच्या घरी पळायची. गप्पा मारत वेणी घालण्यातच सगळा वेळ जायचा.

आज तपासणीला साहेब आले. घड्याळ बघून म्हणाले, "आजी, केस बारीक करून टाका. सरकार कामाचे पैसे देतं, गप्पांचे नाही."

"नको हो," आजी एवढंच म्हणाल्या.

साहेब गेल्यावर मदतनीस बाईने कंगवा उचलला. "दिवसभर खुर्चीत तर बसलेल्या असता, आजी. मग एवढा गुंता होतो तरी कसा?"

आजींनी वेणीसाठी मान पुढे केली.

दुसऱ्या दिवशी ती जरा लवकर आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आरशासमोर आजी चालत्या हाताने कालची वेणी विस्कटत होत्या.

तिने हळूच दार ओढून घेतलं आणि पुरेसा गुंता होईपर्यंत पायरीवर बसून राहिली.