नकलाकाराचा गळा

सकाळचे ऊन खिडकीतून आत आले, फरशीवर रेंगाळले, पाण्याच्या पेल्यात क्षणभर थरथरले आणि कसलीच घाई नसल्यासारखे गादीवर चढून दोन वर्षांच्या मुलाच्या कानाशी थांबले. कान गुलाबी झाला. मुलगा उठून बसला आणि भुंकला.

नकलाकार हसला. कावळ्यापासून आगगाडीच्या शिट्टीपर्यंत सारे आवाज त्याच्या गळ्यात मुक्कामाला होते. त्यांच्यावरच घर चालत होते. आठवडाभर तो लेकाला कुत्र्याचा आवाज शिकवत होता.

“ऐकलंस? खाण तशी माती! शाब्बास रे पठ्ठ्या, पुन्हा एकदा!”

मुलगा पुन्हा भुंकला. कोरडे, पोकळ, रिकाम्या पिंपात भुंकावे तसे.

“पहाटेपासून चाललंय. खोकला आहे हा,” बायको म्हणाली. “आवाजही बसलाय त्याचा.”

“तालीम करतोय गं. तुला सगळीकडे दुखणंच दिसतं.”

मुलगा रडू लागला. मग रडणे थांबले, पण श्वास आत घेताना उमटणारी कर्कश शीळ थांबेना. दर श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. नकलाकाराचे हसू ओठांवरच थिजले. बायकोने मुलाला छातीशी उभे धरले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत, अनवाणीच, ती जिना उतरली. तो मागे धावला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मुलाला आईच्या मांडीवरून हलवले नाही. घशात चमचाही घातला नाही.

“त्याला रडवू नका, रडला की श्वास आणखी अडतो. स्वरयंत्राखाली सूज आलीये. क्रूप म्हणतात याला. शांत बसल्यावरही शीळ वाजतेय ना, मग घरी थांबायचंच नसतं.”

सुजेवरचे औषध त्यांनी घोटाघोटाने पाजले, वाफेच्या औषधाचा मास्क नाकाशी धरला. कितीतरी वेळाने शीळ विरली. आईच्या खांद्यावर मुलाची मान सैलावली.

“आज इथेच लक्ष ठेवू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग सहज त्याच्याकडे वळल्या. “तुमचे कार्यक्रम ऐकलेत मी. एवढा तयार कान तुमचा, आणि तुम्हाला वेगळं वाटलं नाही?”

“मला वाटलं, माझी नक्कल करतोय.”

बायकोने मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

त्याच पहाटे, मुलाचा पहिला खोकला ऐकून, न्हाणीघराचे दार लावून त्याने तो आवाज स्वतः काढून पाहिला होता, पुन्हा पुन्हा. धडधाकट गळ्यातून तो निघत नव्हता.