औटकीचं पान
बारामतीच्या कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी मेघना खापरपणजोबांची लहानपणची गणिताची वही वाचत होती. मोडीतला साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, मधेच भरकटत होता: ‘बे औटं सात, गप बसा, तीन औटं साडेदहा, पाटी पूस.’ वडील ओशाळले. “हे पान नको ठिवू. म्हातारं ढ हुतं, म्हणत्याल लोकं.” “पण अप्पा, गुरुजींचं ओरडणं पाढ्यात कोण लिहितं?” अप्पांनी वही जवळ ओढली. “आपल्या माणसांना शाळंत कुठं बसू देत हुते? भिंतीआड बसून ऐकायचं. कानावर पडलं तसं लिवलं आसंल.” पुढची ओळ होती, ‘चार औटं चौदा, दार लाव.’ त्याखाली गुरुजींचा एकही शब्द नव्हता. दर ओळीला आणखी तीन उभ्या रेघा, एक अर्धी, आणि शेजारी एकूण बेरीज: साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस. अप्पांनी बोटांवर ताळा केला. पस्तीसपर्यंत एकही उत्तर चुकलं नव्हतं. “हेच पान उघडं ठिव.”