करपलेला कोपरा

“तो डाग काढून टाका,” दिग्दर्शक मेंग म्हणाले आणि प्लॅस्टिकची पिशवी चढवलेल्या बुटाने त्यांनी जमिनीचा कोपरा दाखवला.

कोपरा चहासारखा तपकिरी होता. खोली होती खाणीत राबणाऱ्या एका मुलाच्या आईची, जुन्या काळातली, चुलीची धग जमिनीखालून खेळवून उबदार ठेवायचे तशी. ती उभी केली होती मात्र पाजू शहरातल्या एका गोदामात, प्लायवूडवर. यनसुकने प्लायवर तेल पाजलेला कागद थरावर थर चिकटवला होता आणि तेवढा कोपरा इस्त्रीने जपून करपवला होता. एकदा कागदाला भोक पडलं, तर तिने सगळी जमीन उपटून नव्याने केली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सेटवर रंगाचे डबे वाहिल्यावर कलादिग्दर्शक म्हणून तिचा हा पहिलाच सिनेमा होता.

“साहेब, चुलीची धग खालून येते ती इथे सगळ्यात जास्त. इथला कागद करपतोच. घरी न आलेल्या मुलाचा भात आई इथेच तर दुलईखाली ठेवते.”

“मला शिकवू नका. माझ्या आजोळी अशीच खोली होती. सगळी सुट्टी मी तिथेच लोळत काढायचो. असला डाग मला तरी आठवत नाही. आई दुलई उचलणार आणि प्रेक्षक म्हणणार, इथे कॉफी कुणी सांडली?”

मागे दोघं-तिघं हसले. साहेबांच्या विनोदाला हसावंच लागतं.

“जेवणानंतर शॉट आहे,” मेंग म्हणाले. “तोवर एक तर हा डाग जाईल, नाही तर तुम्ही.”

यनसुकने रंगाचा डबा उघडला. कुंचला बुडवला, गुडघे टेकले. पण हात पुढे जाईना. हा कोपरा पुसला की ती कुणाचीही खोली होणार होती, त्या आईची राहणार नव्हती. तिने डब्याचं झाकण लावलं. शॉटसाठी ठरल्याप्रमाणे कोपऱ्यात दुलई पसरली, भाताचा पितळी वाडगा तिच्याखाली सरकवला आणि सेटबाहेर येऊन आपले कुंचले पिशवीत भरायला घेतले.

आईचं काम करणाऱ्या बोंगसुनबाई खुर्चीत शाल गुंडाळून हे सगळं बघत होत्या.

“उघडलास तसाच मिटलास गं डबा?”

“होय बाई.”

“जेवलीस?”

“नाही.”

“मग जेवून घे आधी. हाकलायचंच असेल तर भरल्या पोटी हाकलू दे.”

कडाक्याची थंडी होती. हीटरची घरघर ध्वनिमुद्रणात शिरते म्हणून गोदामात हीटर लावायला बंदी होती. जेवणाचे डबे घेऊन बाकी सगळे गाड्यांमध्ये पळाले. मेंग मात्र पुढच्या प्रसंगाचे कागद वाचत, सूपचा वाडगा हातात धरून सेटवर आले. उंबऱ्याशी थबकले. सकाळभर बूट घालून वावरलेल्या या माणसाने बूट काढले आणि तोंडं बाहेर करून नीट लावून ठेवले. मग हातातल्या कागदांवरची नजर न काढता ते सरळ त्या कोपऱ्यात गेले. दुलईखालचा भाताचा वाडगा हलकेच बाजूला सारून त्यांनी तिथे बैठक मारली, गुडघ्यांपर्यंत दुलई ओढून घेतली, कागद तिच्यावर ठेवले आणि मोकळा हातही आत खुपसला. सूपचा घोट घेतला. आखडलेले खांदे सैल झाले.

यनसुक बघतच राहिली. बोंगसुनबाई उठून उंबऱ्यापाशी गेल्या.

“ऊब आहे का साहेब?”

“आहे की,” मान वर न करता मेंग म्हणाले.

मग त्यांनी सूपचा वाडगा खाली ठेवला. खाली प्लाय होतं, प्लायखाली बर्फासारखं सिमेंट. त्यांनी उंबऱ्यावरच्या बुटांकडे पाहिलं. दुलई उचलली. तपकिरी कोपरा बरोब्बर त्यांच्या मांडीखाली होता.

बोंगसुनबाई हसल्या.

“आजोळचा डाग आठवेल कसा, साहेब? तेव्हाही तुम्ही त्याच्यावरच बसलेले असणार.”