शेवटचा पाय थांबेपर्यंत

टिंग! गप्प घरात बाबांनी ताटावर चमचा वाजवला. "बोटं अजून चालतात बरं का," ते मला म्हणाले. कारखान्याच्या वसाहतीत चाळीस वर्षं त्यांच्या बेंजो पार्टीशिवाय हळद लागली नाही की वरात निघाली नाही. नियम एकच, शेवटचा नाचणारा पाय थांबेपर्यंत बेंजो थांबवायचा नाही. माझ्या हळदीला बेबीआत्या थांबेचना, तेव्हा बाबांची बोटं सोलून निघाली होती.

संध्याकाळी सभागृहात त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि त्यांच्या 'वारशा'वर चार भाषणं. भाषणं करणाऱ्यांनीच गेल्या वर्षी आवाजाची तक्रार करून वरातीतला बेंजो बंद पाडला होता. बाबांना वाजवायला तीन मिनिटं मिळाली.

त्यांनी सूर लावला मात्र, खुर्च्यांखाली पाय हलू लागले. बेबीआत्या तर पदर खोचून उठलीच. लगेच माईकवरून सूचना आली, "कृपया बसून आस्वाद घ्यावा."

"बाई गं, बेंजो काय बसून ऐकतात?" आत्या पुटपुटली, पण बसली. हळूहळू सगळे पाय थांबले. बाबांनी सभागृहभर नजर फिरवली. एकही पाय हलत नव्हता. नियमाप्रमाणे त्यांनी बेंजो थांबवला. अजून दोन मिनिटं उरली होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडीवरच्या लेकीने माझी हनुवटी स्वतःकडे वळवली.

"आई, आजोबांना शाल दिली ती वाजवल्याबद्दल की थांबल्याबद्दल?"