एक्सक्लूसिव्ह

विभागप्रमुख वाकनीस सरांनी कमांडमध्ये 'एक्सक्लूसिव्ह' हा पर्याय लिहिला, की विद्यापीठाच्या महासंगणकातली सगळी यंत्रं त्यांच्या एकट्याच्या नावावर अडकून पडत. त्यांवर सरांचं काम मात्र काहीच चालत नसे. त्यांची विद्यार्थिनी शलाका दरड कुठे कोसळेल याचा अंदाज बांधत होती. तिचं गणित रांगेतच खोळंबलं.

"सर, थोडी यंत्रं सोडता का? रिकामीच आहेत."

"माझी आहेत ना? मग रिकामी का असेनात," सर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले. स्क्रीनवर क्रिकेट होतं.

शलाकाने दुसऱ्या संस्थेत ओळख काढून गणित पूर्ण केलं. त्यावरून एक वाडी वेळेत हलवली गेली.

त्यावरचा तिचा शोधनिबंध छापून आल्यावर सरांनी तो सगळ्यांसमोर चाळला.

"माझं नाव राहिलं वाटतं."

"राहिलं नाही, सर," ती म्हणाली. "मी घातलं नाही."