एक वीत गाळ

टाकी उपसायला आलेल्या नत्थूने पहारीने झाकण उचकटून बाजूला सरकवलं. अंगणभर वास सुटला. परागने नाकाला रुमाल लावला. त्याची आई, पद्मजाबाई, जिन्याच्या खालच्या पायरीवर नुसत्याच उभ्या राहिल्या. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला वासाचं काय भय! भय होतं ते नत्थूच्या हातातल्या बांबूचं.

बांबूच्या टोकाला तो जुना पांढरा टॉवेल गुंडाळत होता. बांबू सेप्टिक टँकच्या तळाला टेकवून हळूच वर काढला, की गाळ कुठवर साचला आहे ते टॉवेलवर काळं उमटतं.

"टँकर बोलवायची काही गरज नव्हती रे," त्या म्हणाल्या. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"तीन साल हो गए, आई. मागच्या वेळी मीच करवून गेलो होतो. आता तीन माणसं वापरून राहिली, भरलीच असेल. उद्या तुंबली तर वरच्या पोट्ट्या काय म्हणतील?"

वरच्या पोट्ट्या म्हणजे गंधाली आणि रमा, नर्सिंग शिकणाऱ्या भाडेकरू. सध्या सुट्टीत दुर्गला गेलेल्या. निदान परागला तसं सांगितलं होतं. खरं तर मागच्या खेपेला टाकी उपसून पराग हैदराबादला परतला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात दोघींनी होस्टेल धरलं. पद्मजाबाईंनी ते कळवलं नाही. वर कोणी सोबतीला असेल तोवर इथे राहा, नाहीतर घर विकू आणि तू माझ्याकडे ये, असं त्याने बजावून ठेवलं होतं. त्याच्या अकराव्या मजल्यावर त्या एकदा राहून आल्या होत्या. बावीस दिवस.

तो यायच्या आदल्या दिवशी त्यांनी वरची खोली झाडली, तारेवर दोन ओढण्या वाळत घातल्या, दाराशी चपलांचे दोन जोड मांडले. टाकी काही डोक्यात आली नाही. आणि आता येऊन उपयोग नव्हता. वरचे नळ दिवसभर सोडले असते तरी पाणी पुढच्या शोषखड्ड्यात निघून गेलं असतं. तळाशी राहतो तो माणसांचा गाळ. एका माणसाचा तीन वर्षांत एक वीत. तिघांचा सव्वादोन फूट. एवढं गणित त्यांनी सकाळी चहा गाळतानाच करून टाकलं होतं.

बांबू आत गेला, टेकला, वर आला. नत्थूने टॉवेल उन्हात धरला.

"घर में कितने जन हैं?"

"तीन," पराग म्हणाला.

नत्थूने पद्मजाबाईंकडे पाहिलं.

"तीन," त्याही म्हणाल्या.

नत्थूने बोटं ताणून काळ्या पट्ट्याशी लावली. बरोबर एक वीत. तो हसला. "तो बाकी दो जन क्या हवा खाके रहते हैं, दीदी? अपना शहर राजधानी बना तब से पूरे शंकर नगर में एक-एक कमरे में चार-चार किरायेदार. साल नहीं निकलता, टंकी भर जाती है. और यहाँ देखो भैया, अभी तो खाली करने लायक भी नहीं है."

परागही हसला. मग म्हणाला, "पोट्ट्या दिवसभर कॉलेजमध्ये असतात, म्हणून..." आणि थांबला. त्याने तारेवरच्या ओढण्यांकडे पाहिलं.

"आई, सरक जरा."

त्या सरकल्या. तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला आणि मिनिटाच्या आत खाली आला. वर दोन लोखंडी खाटा होत्या. गाद्या नव्हत्या.

"कधी गेल्या?"

"तू गेल्यावर. दुसऱ्या महिन्यात."

पराग पायरीवर बसला. नत्थूने ओला टॉवेल बादलीत टाकला, झाकणाला पहार लावली आणि पाठ फिरवून कामाला लागला.

"तीन साल! दर रविवारी फोनवर मले सांगत होती तू. रमा मीठ मागायला आली, गंधालीने भांडं जाळलं..."

"मीठ, भांडं, होतंच असं घरात काहीबाही."

"बस. आता काही ऐकत नाही मी. सामान बांध. सोमवारची तिकिटं काढतो."

पद्मजाबाईंनी मान हलवली. या अटीवरच सगळं चाललं होतं. वाद घालायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. त्या ओढण्या काढायला तारेकडे वळल्या.

"थांब," पराग मागून म्हणाला. "मागच्या महिन्यात रमाले ताप होता म्हणे. तू पट्ट्या ठेवून राहिली होती. तेही खोटंच?"

"ताप खरा होता. एकशे तीन. अकरा दिवस उतरला नाही. दिवसातून चार वेळा मोजून लिहिला आहे, पाहायचा असेल तर वही टेबलावर आहे."

झाकण दगडावर घासत जागेवर बसलं.

"मी तुले म्हटलं होतं," पराग म्हणाला. आवाज खाली गेला होता. "आपण कशाले पडायचं मधात, तिच्या घरच्यांले कळव."

पद्मजाबाईंनी ओढणीची घडी घातली. काठाला काठ जुळवला.

"कळवलं की," त्या म्हणाल्या. "तुलेच तर फोन केला होता."