मधूनच जड होणारं स्टेअरिंग

“झालं परत सुरू!” बन्सीलालांनी स्टेअरिंगवर हात आपटला.

गाडी फाटकातून जेमतेम हातभर पुढे आली होती आणि चाक वळायचं नाव घेत नव्हतं. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी, मंदाबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“राहू द्या. रिक्षा करू,” त्या म्हणाल्या.

“दारात गाडी असताना रिक्षा? का म्हणून?”

पण रिक्षाच करावी लागली.

बन्सीलालांनी अमळनेर डेपोत एकतीस वर्षं एस.टी. चालवली होती. त्या काळातली बस वळवायची म्हणजे अंगातलं बळ लागायचं. उजवा खांदा त्यातच कामातून गेला. जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तर त्यांनी धुळ्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या रतिलाल शेठकडून पॉवर स्टेअरिंगची ही पांढरी, पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली. एका बोटाने चाक फिरवून बघितलं, तेव्हाच घेतली. निवृत्त झाल्यावर आठ वर्षांनी हातात पुन्हा स्टेअरिंग आलं होतं. पिंप्राळ्यातल्या आपल्या सगळ्या गल्लीत त्यांनी पेढे वाटले.

आणि महिन्याच्या आत हे असं. एक दिवस लोणी, दुसऱ्या दिवशी दगड. आज कोणतं, ते निघताना कळायचं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा तोताराम दर वेळी यायचा. आत बसून चाक डावीकडे, उजवीकडे, पार टोकापर्यंत फिरवायचा.

“आबा, एकदम मऊ आहे.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

“तसं कुठं म्हणतो? पण माझ्यासमोर झाल्याशिवाय सापडणार कसं?”

शेवटी त्याने स्कॅनर आणून लावला. गाडीने स्वतःच नोंद करून ठेवली होती: स्टेअरिंगच्या मोटरचा करंट तुटला. एकदा नाही, अकरा वेळा.

“बघ!” बन्सीलाल गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. “बघ, मी सांगत होतो!”

तोतारामने बॅटरीची टोकं घासली, वायरी हलवून पाहिल्या, रिले बदलला. चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. पाचव्या दिवशी बहिणीकडे अमळनेरला निघाले, तर फाटकातच पुन्हा तो पिवळा दिवा.

बन्सीलालांचं डोकं फिरलं. आधीच हल्ली रस्त्यावर कोणाला धड चालता येत नव्हतं. एक रिक्षावाला थेट अंगावर आला होता. एका दुचाकीवाल्याने सिग्नलला काच ठोकून शिव्या घातल्या होत्या, त्याही विनाकारण. आणि त्यात हे! एकतीस वर्षांत ज्याच्या बसखाली एक कोंबडी आली नाही, त्याला एका दुकानदाराने असं बनवावं?

“हाऊ बठ्ठा खेळ शे त्या शेठना,” ते म्हणाले. संताप झाला की ते अहिराणीवर येत; सगळा खेळ शेठचाच, असं त्यांना म्हणायचं होतं. “आते धुळे. आते त्याच्याच दारात गाडी उभी करतो.”

“तोतारामला चालवू द्या,” मंदाबाई म्हणाल्या. “हायवेवर मधेच जड झालं तर?”

हे मात्र बन्सीलालांना पटलं.

धुळ्याला रतिलाल शेठनी खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. बन्सीलालांनी पेल्याला हात लावला नाही. शेठ स्वतः गाडीत बसले. चाक मऊ. मैदानात दोन फेऱ्या मारल्या. मऊ. मग ते गुडघे टेकून खाली वाकले, डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि स्टेअरिंगचा फ्यूज बाहेर काढून उजेडात धरला.

“तोताराम, हे बघ. याच्या पायांवर किती चरे! हा उडालेला नाही. हा कोणीतरी पुन्हा पुन्हा काढलाय आणि बसवलाय.”

“कोणीतरी?” बन्सीलाल ताडकन उठले. “गाडी होती कोणाकडे? दोष तुम्हाला ठाऊक होता. तुम्हीच काढघाल करत बसलात आणि नाही जमलं तेव्हा माझ्या गळ्यात मारली!”

“बन्सीभाऊ, जरा बसा.”

“बसायला नाही आलो! चोर आहात तुम्ही. चोर!”

गाड्या बघायला आलेली चार माणसं वळून पाहू लागली. रतिलाल शेठचा चेहरा उतरला.

“वडिलांपासून हा धंदा आहे,” ते हळूच म्हणाले. “हा शब्द या दारात कोणी वापरला नव्हता. गाडी ठेवून जा, भाऊ. मी परत घेतो.”

“त्यांना बोलू नका,” मंदाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या होत्या. “फ्यूज मी काढते.”

बन्सीलाल बघतच राहिले. “तू? तुला काय कळतं त्यातलं?”

“गाडीतला मोबाइलचा चार्जर बंद पडला होता तेव्हा तोतारामने फ्यूजची डबी उघडून एकेक फ्यूज दाखवला होता. तुम्ही निघायचं म्हणालात, की जमेल तेव्हा काढते. तो यायच्या आधी लावून ठेवते.”

“अगं, पण का?”

मंदाबाईंनी एकदा शेठकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“गाडी आली त्याच आठवड्यात आपण अमळनेरला गेलो. शाळा सुटली होती. पोरी एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. त्यांच्या बाईंनी शेवटच्या दोघींना दप्तराला धरून मागे ओढलं, म्हणून वाचल्या. मी किंचाळले. तुम्ही ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही. म्हणालात, रस्ता मोकळा तर आहे.”

सकाळपासून चढलेला बन्सीलालांचा आवाज एकदम खाली आला.

“कोणत्या पोरी?” त्यांनी विचारलं.